शेतावरचा एक दिवस, सर्वांसाठी

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, शिबिरे आणि जमाखर्च यांची माहिती असावी, ही अपेक्षा रास्त आहे. सहलीवरचा लेख या पानांत पाहून काही वाचकांना नवल वाटेल. तरीही या विषयास येथे जागा देणे आम्हांस आवश्यक वाटले. त्याचे कारण आमच्या पुनर्वसन विभागाच्या रोजच्या कामात आहे.

या विभागात येणाऱ्या कुटुंबांशी बोलताना व्यायाम, औषधे, कॅलिपर आणि शाळा यांची चौकशी झाली की आम्ही आणखी एक प्रश्न विचारतो : गेल्या वर्षभरात घरातील सगळी माणसे मिळून कोठे गेली होती? पुष्कळदा उत्तर येते, ‘सगळी मिळून कोठेच नाही.’ लग्नाला वडील जातात, आई घरी राहते. धाकट्या भावंडाला मामा जत्रेला नेतो. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल, पक्षाघाताने एक बाजू गेलेले आजोबा, स्वमग्न मुलगी यांच्याजवळ कोणीतरी थांबावेच लागते, आणि बहुधा ते ‘कोणीतरी’ म्हणजे घरातील एकच स्त्री असते. आजार एकाचा असतो. उंबऱ्याच्या आत अडकून पडते ते सारे कुटुंब.

विरंगुळा ही चैन आहे, आधी उपचार पुरे होऊ द्यावेत, असे अनेकांना वाटते. कायदा तसे मानत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली स्वीकारला. त्याच्या तिसाव्या कलमात खेळ, करमणूक व पर्यटन यांतील सहभाग हा हक्क म्हणून नोंदला आहे. या करारास अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा असून त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहणाऱ्या होत्या. म्हणजे बहुतेकांच्या घराभोवती शेतच आहे. प्रश्न उरतो तो घरापासून बांधापर्यंतच्या वाटेचा.

येळवसेचा वाटा

सहकुटुंब शेतावर दिवस घालवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. लातूर, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या बऱ्याच भागांत मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या साजरी होते. बोलीत तिला येळवस म्हणतात. रब्बीची ज्वारी तेव्हा जोमात उभी असते, हरभरा फुलोऱ्यात किंवा घाट्यांत असतो. शेतात कडब्याची कोप करून तीत पांडवांची व लक्ष्मीची पूजा मांडतात. आंबील, भज्जी, उंडे, भाकरी आणि खीर असा बेत असतो. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले आग्रहाने बोलावतात. त्या दिवशी लातूर शहरातील रस्ते ओस पडतात, इतकी माणसे शिवारात गेलेली असतात.

या सुंदर प्रथेतही एक गोष्ट नजरेआड होते. अंथरुणाला खिळलेली आजी, चालता न येणारा मुलगा आणि त्यांना सांभाळणारी सून अनेक घरांत मागे राहतात. त्यांचा वाटा संध्याकाळी डब्यातून घरी येतो. घरच्यांचे प्रेम कमी असते असे नव्हे. बैलगाडीत वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायचे कसे, लघवीला न्यायचे कोठे, ऊन लागले तर काय, या प्रश्नांची उत्तरे कोणाजवळ नसतात. ती उत्तरे साधी आहेत आणि बव्हंशी घरच्या साधनांतून देता येतात, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

कृषी पर्यटन आणि सेवाशेती

ज्यांचे स्वतःचे वा आप्तांचे शेत उरलेले नाही, अशा शहरी कुटुंबांसाठी गेल्या दोन दशकांत कृषी पर्यटन केंद्रांचा पर्याय निर्माण झाला आहे. २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामती परिसरातून या कामास आरंभ केला आणि पुढे महाराष्ट्रात अनेक शेतकऱ्यांनी ते स्वीकारले. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. हुरड्याचा हंगाम, गुऱ्हाळ, द्राक्षांचे मळे, दुभती जनावरे असे सारे पाहुण्यांना दाखवत शेती चालू ठेवायची, हे या व्यवसायाचे स्वरूप आहे.

युरोपात याच कल्पनेस आरोग्यसेवेची जोड मिळाली. लंडनमधील केंटिश टाउन या दाट वस्तीच्या भागात १९७२ साली एक ‘सिटी फार्म’ सुरू झाले. ज्या मुलांनी गाय जवळून पाहिली नव्हती त्यांच्यासाठी शहरातच गुरे, शेळ्या आणि भाजीचे वाफे आणले गेले. पुढे अशी शेते ब्रिटनमध्ये इतरत्रही उभी राहिली. नेदरलँड्समध्ये हजाराहून अधिक शेतकरी आपल्या चालत्या शेतावर दिव्यांग, मनोरुग्ण आणि स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींना ठरावीक दिवशी कामासाठी बोलावतात. तेथे यास सेवाशेती अशा अर्थाचे नाव आहे. ‘शेत’ म्हणजे देखाव्यासाठी मांडलेली बाग नव्हे, हे या सर्व प्रयत्नांचे मुख्य सूत्र आहे. गाय खरोखर दूध देते, भाजी खरोखर बाजारात जाते, आणि म्हणून तेथे केलेले काम हेही खरे काम असते.

आनंदवनाने काय दाखविले

हे सूत्र समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमटे व साधनाताई यांनी आनंदवनाची सुरुवात केली तेव्हा त्यांच्यासोबत सहा कुष्ठरुग्ण आणि एक लंगडी गाय होती. जमीन खडकाळ होती. ज्यांच्या बोटांची झीज झालेली होती त्याच हातांनी विहीर खणली, भाजी पिकविली, गुरे सांभाळली. आरंभी गावकरी या हातांनी पिकविलेली भाजी व दूध घेण्यास तयार नव्हते. पुढे तेच शेत आसपासच्या लोकांसाठी पाहण्याचे आणि शिकण्याचे ठिकाण झाले. दृष्टिहीन व कर्णबधिर मुलांच्या शाळाही तेथे उभ्या राहिल्या. स्वतः बाबांना मणक्याच्या विकारामुळे उत्तरायुष्यात बसणे अशक्य झाले होते. ते उभे राहून किंवा पडून काम करीत. २००८ साली त्यांचे निधन झाले.

आनंदवनाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. माणसाला दया दाखवून बाजूला बसविले तर तो बाजूलाच राहतो. त्याच्या हाताला झेपेल असे काम दिले तर तो गावाचा होतो. एका दिवसाच्या सहलीलाही हे तत्त्व तंतोतंत लागू पडते. व्हीलचेअर शेताच्या फाटकातून आत गेली, सावलीत उभी राहिली आणि बाकीची मुले शेंगा उपटायला धावली, तर त्या मुलाच्या वाट्याला फक्त जागाबदल आला. शेत सर्वांसाठी झाले असे तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा त्याच्या मांडीवर शेंगांचे वेल आणून ठेवले जातील आणि तोडलेल्या शेंगांची टोपली तो स्वतः भरेल.

वाट, सावली आणि शौचालय

काम देण्याआधी तेथवर पोहोचणे आले. पहिली अडचण वाटेची. काळ्या कापसाच्या जमिनीत पावसानंतर चाक रुतते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. वाळू आणि सुटी खडी व्हीलचेअरला त्याहून वाईट, कारण पुढची लहान चाके तीत गाडली जातात. मुरूम पसरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून घट्ट केलेली वाट सर्वांत स्वस्त व टिकाऊ ठरते. रुंदी किमान १२० सेंटिमीटर असावी आणि जेथे वळायचे तेथे १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा ठेवावी. उताराचे प्रमाण १ : १२ असावे, म्हणजे एक फूट चढण्यास बारा फूट लांबीचा उतार लागतो. गोठ्याची सहा इंचांची पायरी असेल तर सहा फुटांची भक्कम फळी पुरते. वाट नसलेल्या ठिकाणी खुर्ची उलटी करून मागच्या मोठ्या चाकांवर ओढत नेली तर ढेकळांतूनही जाते. ही युक्ती घरातील एकापेक्षा अधिक माणसांना शिकवून ठेवावी.

दृष्टिहीन पाहुण्यांसाठी गोठ्यापासून विहिरीच्या अलीकडपर्यंत खांबांना कमरेच्या उंचीवर दोर बांधावा आणि प्रत्येक थांब्याशी दोराला गाठ मारावी. गाठ हाताला लागली की येथे काहीतरी आहे हे कळते. वाटेच्या कडेला तुळस, गवती चहा, पुदिना, कढीपत्ता, मरवा लावला तर नाकही वाट दाखवू लागते. विहीर आणि शेततळे यांना मात्र पक्के कुंपण हवेच. शेततळ्यातील प्लॅस्टिकचे अस्तर इतके निसरडे असते की पोहता येणाऱ्यालाही बाहेर येणे कठीण जाते.

कृत्रिम पाय वापरणाऱ्यांविषयी येथे सांगावेसे वाटते. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा व अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जो ‘जयपूर फूट’ घडविला, तो मुळात आपल्या खेड्यांतील जीवन डोळ्यांसमोर ठेवूनच. बुटाशिवाय चालता यावे, मांडी घालता यावी, चिखलात आणि भाताच्या खाचरात उतरता यावे, हे त्याचे उद्दिष्ट होते. तेव्हा ‘पाय खराब होईल’ या भीतीने अशा व्यक्तीस बांधावर बसवून ठेवण्याचे कारण नाही. घरी आल्यावर पाय धुऊन कोरडा करावा आणि खुंटाची त्वचा तपासावी, एवढे पुरे.

सहल होणार की नाही हे शेवटी ठरते शौचालयावर. बाहेर सोय नाही म्हणून आदल्या रात्रीपासून मुलाला पाणी कमी देणाऱ्या आणि स्वतःही न पिणाऱ्या माता आम्हांस वारंवार भेटतात. यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता आणि उन्हाळ्यात शोष पडण्याचा धोका असतो. दार किमान ९० सेंटिमीटर रुंद व बाहेर उघडणारे असावे, आत भिंतीला धरण्यासाठी दांडा असावा आणि भारतीय बैठकीवर ठेवता येईल अशी कमोडची खुर्ची असावी. ही खुर्ची घडीची मिळते व सोबत नेता येते. मोठ्या मुलाचे किंवा प्रौढाचे कपडे बदलायचे असतील तर ओल्या फरशीवर निजवावे लागू नये. एखाद्या खोलीत बाज, तीवर स्वच्छ चादर आणि दाराला पडदा एवढी व्यवस्था असली की पुरते. लघवीची नळी घालावी लागणाऱ्यांना हीच खोली, साबण आणि स्वच्छ पाणी लागते.

प्रत्येक हाताला काम

शेतीचा मोठा गुण असा की तिच्यात सर्व आकारांची कामे असतात. नांगरटीला ताकद लागते आणि शेंगा फोडायला दोन बोटे पुरतात. आमच्या व्यवसायोपचार विभागात जे व्यायाम टेबलावर मणी आणि ठोकळे मांडून करून घेतले जातात, त्यांतील बरेचसे शेतात आपोआप घडतात, आणि मूल ते कंटाळा न करता करते.

सेरेब्रल पाल्सीमुळे मूठ घट्ट मिटलेली राहते अशा मुलासाठी शेळी ही उत्तम शिक्षिका आहे. पाला तळहातावर ठेवून हात पुढे केला तरच ती खाते. मूठ मिटलेली असेल तर नाक घासून वाट पाहते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला कोंबड्यांची अंडी गोळा करून दहा-दहाच्या ओळीत मांडण्याचे काम द्यावे. मोजणे शिकवावे लागत नाही, ते गरज म्हणून येते. पक्षाघातानंतर एक हात कमजोर झालेल्या आजोबांनी भुईमुगाच्या शेंगा तोडाव्यात, निरोग्या हाताने वेल धरावा आणि कमजोर हाताने शेंग ओढावी. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी जमिनीपासून सत्तर सेंटिमीटर उंचीवर वाफा करता येतो. लांबट पिंप उभे चिरून लोखंडी घोडीवर ठेवले की खाली गुडघे जातात आणि मेथी-कोथिंबीर पेरता येते. एका बाजूने हात पोहोचायचा तर वाफा साठ सेंटिमीटरपेक्षा रुंद असू नये. ठिबकची तोटी ठरल्या वेळी उघडणे आणि बंद करणे हे काम तर बसल्या जागेवरून होते, आणि त्यावर अख्खे वावर अवलंबून असते.

जनावरांची निवड काळजीपूर्वक करावी. शेळ्या, करडे, वासरे व शांत स्वभावाची गाय पाहुण्यांच्या हाताला सरावते. खिल्लार बैल देखणा खरा, पण तापट आणि टोकदार शिंगांचा. तो दुरूनच पाहावा. म्हैस अनोळखी हाताखाली पान्हा चोरते, म्हणून धार काढून पाहायची तर गाय बरी. नुकतीच व्यालेली गाय आणि तिचे वासरू यांच्या मध्ये कोणासही नेऊ नये.

स्वमग्न मुलांना नवी जागा, नवे वास, ट्रॅक्टरचा आणि पंपाचा आवाज एकाच वेळी सोसत नाहीत. निघण्यापूर्वी त्यांना शेताची, गोठ्याची आणि जेवणाच्या जागेची छायाचित्रे क्रमाने दाखवावीत. शेतावर एक शांत कोपरा आधीच ठरवून तो मुलास दाखवून ठेवावा. कान झाकण्याचे साधन सोबत न्यावे. साऱ्या जनावरांची भेट घडवण्याचा हट्ट नको. एका वासराजवळ तासभर बसणे हीही पुरेशी सहल आहे.

कर्णबधिर मुलांना मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू येत नाही. चालकाची आणि आपली नजर मिळाल्याखेरीज वाट ओलांडायची नाही, हा नियम मुलाला आणि चालकाला, दोघांनाही सांगावा.

घरातील इतरांचाही हा दिवस असतो. एरवी ज्या भावंडाला ‘तू समजूतदार आहेस’ एवढेच ऐकावे लागते, त्याला या दिवशी झाडावर चढू द्यावे, पाटाच्या पाण्यात खेळू द्यावे. आईसाठी दोन तास ठरवून मोकळे ठेवावेत. त्या वेळी मुलाजवळ दुसऱ्या कोणीतरी थांबायचे आहे, हे निघण्यापूर्वीच नाव घेऊन ठरवावे. ऐनवेळी ते ठरत नाही.

हा उपचार नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. शेतावर गेल्याने सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही आणि फिजिओथेरपीची जागा शेळी घेऊ शकत नाही. माणूस आपल्या घरच्यांच्या नजरेत नव्याने उभा राहतो, हा या दिवसाचा लाभ आहे.

आरोग्याची काळजी

रुग्णालय या नात्याने पुढील गोष्टी आम्ही आग्रहाने सांगतो.

हात : जनावरांना हात लावल्यानंतर आणि जेवणापूर्वी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवावेत. व्हीलचेअर स्वतः चालविणाऱ्यांनी चाकाची कडीही पुसून घ्यावी. शेणमातीतून फिरलेली कडी हातात आणि हात तोंडात, अशी जंतूंची वाट सरळ असते.

दूध : धारोष्ण दुधाचे कौतुक आपल्याकडे पूर्वापार आहे. परंतु न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे रोग होऊ शकतात. दूध उकळूनच प्यावे.

गिळणे : सेरेब्रल पाल्सी किंवा पक्षाघातामुळे गिळण्यास त्रास होणाऱ्यांना हुरडा, हरभरे, शेंगदाणे, बोरे आणि उसाचे करवे देऊ नयेत; दाणा श्वासनलिकेत जाण्याचा धोका मोठा असतो. मऊ भाकरी दुधात वा आमटीत कुस्करून द्यावी, बसवून द्यावी आणि घाई करू नये. त्यांना हुरड्याचा वास आणि आगटीभोवतीची जागा मिळाली पाहिजे, दाणे नव्हेत.

धूर आणि गवत : दमा असलेल्यांनी आगटीच्या धुराच्या वाऱ्याखाली बसू नये. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम आढळले आणि आज ते सर्वत्र पसरले आहे. त्याने त्वचेला खाज व पुरळ येते आणि दमा बळावतो. ते उपटण्याचे काम पाहुण्यांना देऊ नये.

ऊन : मानेच्या वा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या शरीरास इजेच्या खाली घाम येत नाही, म्हणून ऊन त्यांना लवकर बाधते. सावली, ओला पंचा आणि पाणी सतत जवळ असावे. ज्यांच्या पायांना संवेदना नाही त्यांना तापलेल्या दगडावर किंवा ट्रॉलीच्या पत्र्यावर बसवू नये. चटका कळत नाही आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. गादीची उशी खुर्चीतून काढू नये व दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंग उचलून दाब हलका करावा.

अपस्मार : औषधाची वेळ प्रवासात चुकवू नये. पाण्याच्या आणि आगटीच्या जवळ अशी व्यक्ती एकटी नसावी.

फवारणी : गेल्या काही दिवसांत कीटकनाशक मारले आहे काय, हे शेतकऱ्यास आधी विचारावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. हा धोका काल्पनिक नाही. फवारणी झालेल्या प्लॉटमध्ये जाऊ नये आणि कोणतेही फळ धुतल्याविना खाऊ नये.

सर्पदंश : जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि विलंब न लावता प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. असे जवळचे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच माहीत असावे. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली आहे ना, हेही पाहावे.

निघण्यापूर्वी

महाराष्ट्रात अशा सहलीस नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात चिखल आणि मार्चनंतर ऊन आडवे येते. पोळ्याच्या दिवशी वाजंत्री, गर्दी आणि सजविलेले बैल असतात. आवाज न सोसणाऱ्या मुलांसाठी वसुबारस किंवा साधा आठवड्याचा दिवस बरा.

शेतकऱ्यास फोनवर ‘सोय आहे का?’ असे मोघम विचारू नये. ‘आहे’ असेच उत्तर येते. नेमके विचारावे. गाडी कोठपर्यंत येते? तेथून गोठा किती पावलांवर आहे? मध्ये पायऱ्या किती? शौचालयाचे दार किती रुंद आहे? दुपारी आडवे होण्यास खोली आहे काय? कुत्री मोकळी असतात काय? विहिरीला कठडा आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे : आमच्या मुलाला करता येईल असे कोणते काम त्या दिवशी शेतावर चालू असेल? ज्या शेतकऱ्यास हा शेवटचा प्रश्न विचारात पाडतो आणि जो थोडे थांबून उत्तर देतो, त्याच्याकडे निःशंक जावे.

सकाळी आठच्या सुमारास पोहोचून अकरापर्यंत शेतात काम, मग जेवण व विश्रांती, तीननंतर गोठा आणि सायंकाळची धार पाहून परतणे, असा क्रम सोसवतो. धारेच्या आणि चाऱ्याच्या वेळा जनावरांच्या असतात. त्या पाहुण्यांसाठी बदलत नाहीत आणि बदलूही नयेत. ओळखपत्र सोबत ठेवावे, एस. टी. च्या प्रवासात दिव्यांगांना भाडेसवलत मिळते.

शेतकरी बंधुभगिनींना

आमच्या हितचिंतकांत शेतकरी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. धान्याच्या रूपाने, देणगीच्या रूपाने ती रुग्णालयास सदैव साहाय्य करीत आली आहेत. त्यांच्याकडे यंदा आमचे मागणे निराळे आहे. आपल्या गोठ्यापर्यंतची वाट एकदा मुरूम टाकून ठोकून घ्यावी. विहिरीला कठडा करावा. शौचालयाचे दार बाहेर उघडेल असे बसवावे. हा खर्च पाहुण्यांसाठी केला तरी त्याचा लाभ आपल्याच घरातील वृद्धांना, गरोदर सुनेला आणि डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्यांना होतो.

आणि एखादे कुटुंब आले तर त्या मुलाशी थेट बोलावे, त्याच्या आईला ‘याला काय लागते?’ असे विचारू नये. त्याच्या देखत हळहळ व्यक्त करू नये. त्याचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. घरच्या मुलाला जसे सांगता तसेच त्यालाही सांगावे, ‘ही टोपली घे, तेवढ्या शेंगा तोडून दे.’ शेंगा थोड्या तुटतील, काही वाया जातील, वेळ अधिक लागेल. पण त्या शेंगांची उसळ त्या रात्री त्याच्या घरी शिजेल आणि ताटावर बसल्यावर ती कोणी आणली हे सर्वांना ठाऊक असेल.

ज्या कुटुंबांना असा दिवस आखावयाचा आहे त्यांनी पुनर्वसन विभागात येऊन भेटावे. कोणते काम झेपेल, कोणती काळजी घ्यावी आणि कोणते साधन सोबत न्यावे हे आम्ही प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार लिहून देऊ. जे शेतकरी आपले शेत यासाठी खुले करू इच्छितात त्यांच्या शेतावर येऊन वाट, उतार व शौचालय यांची मापे सुचविण्यास आमचे तज्ज्ञ आनंदाने येतील.